पंक्चरपासून पटिवेधापर्यंत



मुलाने इंग्रजीचे पुस्तक पुढे केले की आपल्या वस्तीतील वडील मंडळी पहिल्यांदा काय म्हणतात? "आम्हांस्नी कुठलं येतंय बाबा इंग्रजी, मास्तरांना विचार." आणि हीच मंडळी शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला कामावर जाताना गाडी पंक्चर झाली म्हणून वाटेत थांबतात, गेटवर पंचिंग करतात, दिवसभर ड्रिलवर उभी राहतात आणि घरी येऊन बोअरच्या पाण्याने हातपाय धुतात. मोजा पाहू. पंक्चर, पंच, ड्रिल, बोअर. चारही शब्द इंग्रजी आणि चारही भोक पाडण्याचे! म्हणून या आठवड्यात आम्ही भोक पाडणाऱ्या क्रियापदांचाच धडा घेतला आहे. शिकवणारे घरातच बसले आहेत.

मराठीत प्रत्येक टोकाला वेगळे क्रियापद आहे. काटा टोचतो, खडा बोचतो, सुरा भोसकतात, आणि बोअरवेलला सरकारी कागदावर विंधन विहीर म्हणतात. इंग्रजीतही तसेच आहे. 'प्रिक' म्हणजे टोक जरासे टोचणे, रक्ताचा एखादा थेंब यावा इतकेच. 'पिअर्स' म्हणजे टोक आत शिरणे किंवा आरपार जाणे. कान टोचतात तो 'पिअर्स'. 'स्टॅब' म्हणजे भोसकणे, त्यात हत्यार आले आणि बहुधा वैरही आले. चपलेला आरीने भोक पाडून त्यातून कातड्याची वादी ओवतात, तिथेही 'पिअर्स' चालेल.

'ड्रिल' आणि 'बोअर' यांतला फरक मात्र पुस्तकापेक्षा उद्यमनगरातला कारागीर चांगला सांगेल. भरीव लोखंडात नवे भोक पाडायचे ते ड्रिलिंग. आधीच असलेले भोक मोठे करून अचूक मापात आणायचे ते बोअरिंग. कोल्हापूरच्या फौंड्रीतून निघालेले इंजिनाचे कास्टिंग या दोन्ही कामांतून जाते. शेजारच्या पोराला ट्यूशनला पाठवण्याआधी एकदा त्याच्या बापाला हा फरक विचारून घ्या.

आता गंमत पुढे आहे. हे शब्द लोखंडातून निघून माणसाच्या मनात शिरतात. 'प्रिक' करणारी सुई असते तशी सदसद्विवेकबुद्धीही असते; चूक केली की ती टोचते. थंडी आपल्याकडे बोचते, इंग्रजीत 'पिअर्सिंग' होते. किंकाळीही 'पिअर्सिंग' असते. एखाद्याच्या मोठेपणाची हवा काढली तर तो 'पंक्चर' झाला. पाठीत खंजीर खुपसणे दोन्ही भाषांत सारखेच, पण 'हॅव अ स्टॅब' म्हटले तर घाबरू नका. त्याचा अर्थ "जमतंय का बघ करून" एवढाच! 'ड्रिल' म्हणजे गिरमिटासारखे फिरवणे आणि 'ड्रिल' म्हणजे कवायतही. समता सैनिक दलाच्या मुलांना हा दुसरा अर्थ सांगायला नको. तेच तेच पुन्हा करून घेतले की ते अंगात भिनते, म्हणून पाढे घोकून घेणेही 'ड्रिल'च. मुले "बोअर झालं" म्हणतात तो 'बोअर' मात्र भोक पाडणाऱ्या 'बोअर'चाच सख्खा भाऊ आहे की नुसता नावाचा, हे कोशकारांनाही पक्के ठरवता आलेले नाही.

आणि गेटवरचे 'पंचिंग'? आता नुसते बोट टेकवले की काम होते. भोक कुठेच पडत नाही, शब्द तेवढा राहिला आहे.

तोच टोचण्याचा लॅटिन धातू 'पंक्चर', 'पॉइंट' आणि 'पंक्चुअल' या तिन्ही शब्दांच्या मुळाशी आहे. 'पंक्चुअल' म्हणजे काट्याच्या टोकावर वेळ पाळणारा. सभागृहात एखादे वाक्य कामकाजातून काढून टाकतात त्याला 'एक्स्पंज' म्हणतात. तेही याच घरातले. पूर्वी वगळायच्या मजकुरावर टिंबे टोचत असत.

पण आमचा धडा परीक्षेच्या मार्कांपुरता नाही. आपल्या कितीतरी भगिनी दवाखान्यात आया आहेत, कितीतरी भाऊ सफाई कामगार आहेत. वापरलेल्या सुया आणि ब्लेडसाठी दवाखान्यात पांढरा, अर्धपारदर्शक डबा असतो. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे तो 'पंक्चर प्रूफ' असलाच पाहिजे, म्हणजे आतली सुई डबा भेदून उचलणाऱ्याच्या हातात घुसता कामा नये. सुया साध्या पिशवीत दिसल्या, तर "पंक्चर प्रूफ डबा कुठं आहे?" असे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. इंग्रजीतले हे दोन शब्द तोंडपाठ असू द्या.

तरीही सुई टोचलीच, तर बोट दाबून रक्त काढू नये, तोंडात धरू नये. साबण आणि वाहते पाणी यांनी धुवावे आणि ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. एच.आय.व्ही. टाळण्याचे औषध द्यावे लागले तर ते पहिल्या काही तासांतच सुरू करायचे असते. ७२ तास उलटून गेल्यावर ते सुरू करत नाहीत. आणि नोंदवहीत 'नीडल प्रिक' असे लिहून घ्यावे.

कारखान्यातही तेच. पायात खिळा घुसला की तोंड लहान आणि आत खोल अशी जखम होते, तिला 'पंक्चर वुंड' म्हणतात. वरून किरकोळ दिसते, पण धनुर्वाताची भीती अशाच जखमेत. अपघाताच्या कागदावर कोणी 'स्क्रॅच' लिहिले असेल तर त्याचा अर्थ ओरखडा. पुढे पाय सुजला, खाडे पडले, तर तो कागदच तुमच्या विरुद्ध बोलेल. सही करण्याआधी क्रियापद वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर सातवी-आठवीतल्या लेकीला फोन लावा, लाजू नका.

भोक पाडण्याच्या शब्दाला मनाचा अर्थ देणे ही काही इंग्रजांची मक्तेदारी नाही. आपल्या पालीत ते किती आधी झाले आहे! विंधणे या आपल्या शब्दाचे मूळ आणि पालीतील 'विज्झति'चे मूळ एकच. त्यालाच 'पटि' जोडले की 'पटिविज्झति', आणि त्यावरून 'पटिवेध'. सत्य आरपार जाणणे, असा त्याचा अर्थ. इंग्रजी भाषांतरकार तिथे 'पेनिट्रेट' हे क्रियापद घालतात.

संयुत्त निकायातील वालसुत्तात ही गोष्ट आहे. वैशालीत भिक्षेला निघालेल्या आनंदाला लिच्छवी तरुण बाण मारताना दिसले. दूरवरून, बारीकशा छिद्रातून, एकामागून एक, एकही न चुकता. आनंदाला मोठे नवल वाटले. त्याने परत येऊन भगवंतांना सांगितले. भगवंतांनी विचारले, हे अवघड, की सात भागांत चिरलेल्या केसाचे टोक केसाच्या टोकाने भेदणे अवघड? आनंद म्हणाला, केसाचेच. तेव्हा भगवंत म्हणाले की जे दुःखाला, त्याच्या कारणाला, त्याच्या निरोधाला आणि निरोधाच्या मार्गाला जसे आहे तसे जाणतात, ते याहूनही अवघड ते भेदतात. केसाचे टोक भेदणे आणि सत्य जाणणे, दोन्हींना क्रियापद एकच.

बाबासाहेबांनी पाली शब्दांचा कोश करायला घेतला होता. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात १९९८ साली छापला. पालीबरोबर त्यात इंग्रजी आहे आणि मराठीही. विहारातील वाचनालयात हा खंड असेल तर मुलांना एकदा उघडून दाखवा.

मुलांनो, आता तुमचा अभ्यास. पुढील वाक्यांत कोणते इंग्रजी क्रियापद बसेल? बाईंच्या बोटात सुई टोचली. बाबांनी प्लेटला भोक पाडले. थंडी हाडांपर्यंत गेली. मित्राने पाठीत खंजीर खुपसला. दुसऱ्या वाक्याचे उत्तर मशीन कोणते होते यावर अवलंबून आहे, ते बाबांनाच विचारा. उत्तरे पुढील अंकात.