उताराची जमा

आगगाडी ब्रेक लावताना वीज परत देते, असे सांगितले की माणसे एकतर थक्क होतात किंवा आपण थापा मारतो आहोत असे समजतात. बोरघाटाला यात काही नवल वाटणार नाही. कल्याण-पुणे मार्गाच्या विद्युतीकरणाच्या वेळी, १९२८पासून, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मालगाड्यांसाठी लांब नाकांची इंजिने आणली. आपल्या लोकांनी त्यांचे नाव ठेवले ‘खेकडा’. उतारावर या इंजिनांच्या मोटारी जनित्रासारख्या चालत, गाडीला मागे धरत आणि त्यातून निघालेली वीज वरच्या तारेत सोडत. खाली येणारी गाडी वर चढणाऱ्या गाडीला हात देई. पुढच्या काळातील कितीतरी इंजिनांनी मात्र हीच वीज स्वतःच्या अंगावरच्या रोधकांत तापवून हवेत घालवली. प्रगती कधी कधी अशीही होते.

जरा हिशेब करू. बोरघाटात रेल्वे १८३१ फूट चढते. इंजिन, डबे, माणसे आणि त्यांच्या बॅगा धरून गाडी हजार टनांची माना. वर पोहोचेपर्यंत तिच्यात सुमारे १५०० युनिट साठतात. उतरताना त्यातले निम्मे वाया गेले, तरी महिना १०० युनिट जाळणाऱ्या सात घरांची महिन्याची सोय एका फेरीत होते. त्याच डोंगरावरच्या तलावांचे पाणी १९१५पासून खोपोलीला उतरून टाटांच्या वीजघरात वीज देते, ते आपल्याला पटते. गाडी म्हणजे तरी काय, उंचावर नेलेले वजनच.

फरक एवढाच की पाणी वर नेण्याचे काम पाऊस फुकट करतो. गाडी आपण पैसे मोजून चढवलेली असते. म्हणून ‘फुकटची वीज’ हा शब्द बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्या कानाला खटकतो. हे व्याज नव्हे, परतावा आहे. गाडीच्या टपावर पवनचक्क्या बसवा असे सुचवणाऱ्यांना तर मी हात जोडतो. त्या चक्क्यांचे ओझे पुन्हा इंजिनालाच ओढावे लागेल. खरी शिल्लक पडते ती भरलेली गाडी उतरत असेल आणि रिकामी चढत असेल तेव्हा. स्वीडनमधल्या किरुनाचे लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरात उतरते. सरहद्दीपासून खालच्या टप्प्यात त्या गाड्या इतकी वीज देतात, की रिकाम्या गाड्या वर नेऊनही ती उरते आणि आसपासच्या वस्तीला जाते.

परताव्यालाही कमी लेखू नये. दिल्ली मेट्रोने २००४ ते २००७ या काळात १,१२,५०० मेगावॉट-तास वीज अशी वाचवली. मुंबईत २००७पासून आलेल्या नव्या लोकल गाड्या ३० टक्क्यांच्या आसपास वीज परत देतात. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीला दुसरे काय शोभेल! मात्र १५०० व्होल्टच्या जुन्या डीसी व्यवस्थेत एक अडचण होती. उपकेंद्रातले रेक्टिफायर एकाच दिशेने वीज देत. परत आलेली वीज घ्यायला जवळपास दुसरी गाडी नसेल, तर तिला वाट नसे. २५ हजार व्होल्टच्या एसी व्यवस्थेत ती ट्रान्सफॉर्मरमधून उलट बाहेरच्या जाळ्यात जाऊ शकते. हार्बर मार्ग २०१६ मध्ये एसीवर आला आणि मुंबईतून डीसी लोकल गेली.

आता माझा कारकुनी प्रश्न. जाळ्यात गेलेले युनिट कोणाच्या खात्यात जमा व्हायचे? छपरावर सौरपट्ट्या बसवणाऱ्या घरमालकाला बिलात वजावट मिळते. ती घाट उतरणाऱ्या गाडीलाही मिळाली पाहिजे, युनिटला युनिट. खर्च एकाच्या नावे आणि जमा दुसऱ्याच्या, असे खाते कोणी उत्साहाने चालवत नाही. मग नवी इंजिने लांबणीवर पडतात आणि चालकाने हवेच्या ब्रेकआधी विजेचा ब्रेक वापरला काय, न वापरला काय, कोणी विचारत नाही.

नव्या इंजिनांत घेतलेल्या आणि परत दिलेल्या युनिटांची नोंद होतेच. ती कचेरीत कशाला कोंडून ठेवायची? लोणावळ्याच्या फलाटावर, चिक्कीच्या दुकानाशेजारी, एक फळा लावावा : काल घाट उतरलेल्या गाड्यांनी इतके युनिट परत केले.