घोडा, जिना आणि ज्ञानकोश

आमच्या जिन्याच्या माथ्यावर लोंबणारा दिवा गेल्या सोमवारी गेला, आणि तो बदलण्याविषयी स्वयंपाकघरातून जे फर्मान सुटले त्याची तामिली करण्यासाठी मी शेजारच्या रंगाऱ्याचा घोडा मागून आणला. घोडा म्हणजे उघडून उभी करावयाची दुपाखी शिडी. नावाप्रमाणेच तिला सपाट मैदान लागते.

राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या घरातील पायरीची उंची फार तर 19 सेंटिमीटर आणि रुंदी किमान 25 सेंटिमीटर ठरविलेली आहे, व आमचा जिना, आश्चर्य म्हणजे, या मापांना तंतोतंत धरून आहे. घोड्याच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर पाऊण मीटर, म्हणजे 3 पायऱ्या. सबब मागचे पाय 57 सेंटिमीटर अधांतरी. सरळ शिडी भिंतीला टेकवावी, तर दर 4 फूट उंचीमागे तिचे पाय भिंतीपासून 1 फूट दूर हवेत, दोन्ही एकाच पायरीवर हवेत, आणि खाली धरावयास माणूस हवा. हे सारे मला ठाऊक होते. परंतु मागून आणलेला घोडा न वापरता परत करणे माझ्या स्वभावात नाही.

माझी नजर केतकरांच्या ज्ञानकोशावर गेली. एकेका पायाखाली 12 खंड रचले की हिशेब बरोबर जुळत होता. मात्र दोन पायांना 24 खंड लागत होते आणि केतकरांनी 23 च काढले!

"अहो, ज्ञानकोशावर पाय देणार?" सौ. म्हणाली.

"माझा नव्हे, घोड्याचा."

"आणि घोड्यावर कोण असणार आहे?"

तिने सर्वांत वरचा खंड उचलून नाव वाचले. दुसरा खंड, वेदविद्या! त्याला तिने पदराने पुसून, नमस्कार करून माजघरात नेले, आणि माझा एक पाय आणखी लंगडा झाला.

वस्तुतः ज्या ग्रंथासाठी त्या विद्वान गृहस्थाने नागपुरात मर्यादित कंपनी उभारली आणि वर्गणीदार मिळविण्यासाठी पायपीट केली, व ज्याची वर्गणी आमच्या आजोबांनी, चहा सोडून, नेमाने भरली, तो ग्रंथ त्यांच्या नातवाने उंचीच्या हिशेबाने मोजावा, ही गोष्ट मला त्या क्षणी जरा खटकली. प्रायश्चित्त म्हणून मी पाचवा खंड, विज्ञानेतिहास, तिथेच पायरीवर बसून उघडला. आमच्या घरात तो आजोबांनंतर कोणी उघडला नसावा. पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती.

संध्याकाळी वायरमन आला. घोडा, खंडांचे मनोरे आणि मधोमध बसलेला मी, असा तो देखावा त्याने काही काळ निरखला. "काका, वरचा दिवा राहू द्या," एवढेच बोलून त्याने मेन बंद केला आणि पायरीवर उभे राहून हात पोचेल अशा उंचीवर, बाजूच्या भिंतीला नवा होल्डर बसविला. बल्ब बदलावयास आता शिडीच नको.

रंगारी घोड्यासाठी दोनदा येऊन गेला. नव्या दिव्याचा उजेड पाचव्या पायरीवर फार छान पडतो, आणि विज्ञानेतिहासाची बरीच पाने अजून व्हावयाची आहेत. तोवर वर जाणाऱ्यांनी जरा कडेने जावे.