कॉलेजमध्ये समुपदेशक असणं आता बंधनकारक, पण तो तुम्हाला भेटतो का?

कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये 'समुपदेशन कक्ष' असं छापलेलं असतं. वेबसाइटवरही त्याचं पान असतं. पण तो कक्ष कुठल्या मजल्यावर आहे आणि तिथे कोण, कधी बसतं, हे विचारलं तर बहुतेक विद्यार्थ्यांना सांगता येणार नाही.

आतापर्यंत यावर फारसं कुणी बोट ठेवत नव्हतं. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर हे चित्र बदलायला हवं. नेमका आदेश काय आहे आणि अहिल्यानगरसारख्या (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यात तो प्रत्यक्षात आणताना कुठे अडचण येते, ते समजून घेऊया.

न्यायालय काय म्हणालं?

विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं हे प्रकरण होतं. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने तपास सीबीआयकडे दिला आणि सोबत देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. याविषयी कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. त्यातल्या महत्त्वाच्या अशा :

- १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं.
- शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण.
- विद्यार्थी आणि पालक, दोघांसाठी नियमित करिअर समुपदेशन.
- 'टेली-मानस'सारख्या हेल्पलाइनचे नंबर वर्गात, होस्टेलमध्ये आणि वेबसाइटवर ठळकपणे लावणं.
- जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा देखरेख समिती. पाहणी करणं आणि तक्रारी घेणं, ही कामं तिची.

याची गरज का पडली, ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांवरून कळतं. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता.

अडचण एकच, पण ती येते तीन तोंडांनी

समुपदेशनाचे साधारण तीन प्रकार सांगितले जातात : शैक्षणिक, करिअरविषयक आणि वैयक्तिक. कागदावर हे तीन कप्पे वेगळे ठेवता येतात.

आता समजा, पाथर्डी तालुक्यातली एक मुलगी नगरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईवडील ऊसतोडीला गेलेत. तिचे दोन विषय राहिलेत. महाडीबीटीची शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नाही, त्यामुळे मेसचे पैसे थकलेत. घरचे म्हणतात, 'नापासच होणार असशील तर स्थळं बघू.' तिला रात्री झोप लागत नाही.

हिला कुठल्या कप्प्यात टाकणार? परीक्षा विभाग एटीकेटीचा नियम सांगेल, कार्यालय शिष्यवृत्तीचा अर्ज बघेल आणि प्लेसमेंट सेल म्हणेल, तिसऱ्या वर्षाला ये. तिचं सगळं म्हणणं एकत्र ऐकून घेणारं माणूस मात्र यांतल्या एकाही खिडकीत बसत नाही. समुपदेशकाची गरज असते ती इथे.

नव्या शिक्षण धोरणाने प्रश्न वाढवलेत

२०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शिक्षण धोरण लागू झालं. पहिल्याच वर्षी मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय हे सगळं निवडायचं. पुढे तीन वर्षांची पदवी घ्यायची की चार वर्षांची ऑनर्स, हेही ठरवायचं.

निवडीचं स्वातंत्र्य मिळालं हे चांगलंच. पण घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजला जात असेल, तर मायनर चुकीचं निवडल्यावर पुढे काय होतं, हे तिला सांगणार कोण? अनेकदा सीनियर किंवा सायबर कॅफेवाला. पूर्वी शैक्षणिक समुपदेशन ही जास्तीची सोय वाटायची. आता त्याशिवाय प्रवेशाचा फॉर्मही नीट भरता येत नाही.

'पण आमच्याकडे मेंटॉर आहेत ना!'

कॉलेजांचं ठरलेलं उत्तर हेच असतं. ते खोटं नाही. 'नॅक'च्या मूल्यमापनात एका मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत, हे विचारलं जातं. त्यामुळे मेंटॉर-मेंटीच्या याद्या आणि फाइली तयार असतात. काही शिक्षक हे काम मनापासून करतातही. तरी दोन गोष्टी आड येतात.

पहिली, वेळ. राज्यात अनेक महाविद्यालयं तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. त्यांना मानधन मिळतं ते घेतलेल्या तासांचं. विद्यार्थ्याजवळ बसून ऐकलेल्या तासाचे पैसे कुणी देत नाही.

दुसरी, गोपनीयता. जो शिक्षक अंतर्गत गुण देतो, त्याच्यासमोर विद्यार्थी मन किती मोकळं करेल? गाव लहान असेल तर तो शिक्षक वडिलांच्या ओळखीचाही असतो. 'सरांना सांगितलं तर घरी कळेल' ही भीती खोटी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. वर्गशिक्षकावर तसं बंधन नाही.

म्हणून मेंटॉर हवाच, पण समुपदेशकाची जागा तो भरून काढू शकत नाही. काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा ओळखणं आणि योग्य माणसाकडे पाठवणं, हे मेंटॉरचं काम.

अहिल्यानगरमध्ये हे अवघड का?

क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वात मोठा जिल्हा. तालुके १४. अकोल्याहून नगरला यायचं तर शंभराहून जास्त किलोमीटर. जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञान शाखेची बहुतांश कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि या विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर, नाशिक असे तीन जिल्हे आहेत. पुण्याच्या आवारात सुरू झालेली सोय जामखेडच्या विद्यार्थ्याच्या उपयोगाची नसते.

दुसरीकडे, जिल्ह्यात साधनं अजिबात नाहीत असंही नाही. राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. लोणीत प्रवरा अभिमत विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मानसोपचार विभाग आलाच. नगरला जिल्हा रुग्णालय आहे, कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शनाचं सरकारी केंद्र आहे. पण ही ठिकाणं आणि कॉलेज यांच्यात रीतसर दुवा नसेल, तर त्यांचा उपयोग माहीतगारांनाच होतो.

एकेका लहान कॉलेजला पूर्णवेळ समुपदेशक परवडत नसेल, तर तालुक्यातल्या तीन-चार कॉलेजांनी मिळून एक नेमावा, त्याचे वार ठरवावेत आणि गंभीर प्रकरणं कुठल्या रुग्णालयात पाठवायची ते लिहून ठेवावं. अर्थात, १०० विद्यार्थ्यांची अट लागू असलेल्या कॉलेजला एवढ्यावर सुटता येणार नाही. पण रिकाम्या कक्षापेक्षा हे कितीतरी बरं.

आदेशातली एक फट

आदेश 'किमान एक' म्हणतो. म्हणजे १५० विद्यार्थ्यांच्या कॉलेजलाही एक आणि पाच हजारांच्या कॉलेजलाही एकच नेमून आकडा पूर्ण करता येतो. विद्यार्थी आणि समुपदेशक यांचं प्रमाण योग्य असावं, असं न्यायालयाने म्हटलंय. पण नेमका आकडा दिलेला नाही. त्यामुळे 'कक्ष स्थापन झाला' एवढ्यावर समाधान मानण्याचा धोका आहे. जिल्हा समितीने किती कॉलेजांत कक्ष आहे एवढंच न मोजता, किती विद्यार्थी तिथे दुसऱ्यांदा गेले हेही बघायला हवं. विश्वास बसल्याशिवाय कुणी परत जात नाही.

तुम्ही काय विचारू शकता?

प्राचार्य किंवा विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना हे चार प्रश्न लेखी विचारा :

१. आपल्या कॉलेजचा समुपदेशक कोण आणि त्यांचं प्रशिक्षण काय?
२. ते कुठल्या वारी, किती वाजता भेटतात?
३. मी सांगितलेलं कुणाकुणाला कळेल?
४. हेल्पलाइनचे नंबर कुठे लावलेत?

उत्तर मिळालं नाही, तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देता येतो.

*तुम्हाला किंवा ओळखीतल्या कुणाला मानसिक त्रास होत असेल, तर केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' हेल्पलाइनवर १४४१६ हा नंबर लावा. सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येतं.*