मांजर आणि आपले शाकाहारी स्वयंपाकघर

मंडळी, एडिसनमधल्या आपल्या बऱ्याच घरांत मुलांच्या हट्टापायी मांजर येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, त्याला खायला काय घालायचे? पुण्याहून आलेल्या आमच्या आईने तो चुटकीसरशी सोडवला. "दूध-पोळी कुस्करून घाल. वाड्यातली मांजरं त्यावरच वाढली." मलाही ते पटले होते. पण वाड्यातल्या मांजराला दूध-पोळीखेरीज उंदीर, पाली, चिमण्याही मिळत. अपार्टमेंटमधल्या मांजराला आपण वाटीत घालू तेवढेच!

आपण शाकाहारी, म्हणून मांजरही शाकाहारी असावे, ही भावना मी समजू शकतो. पण हा मांजरावर अन्याय आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतून मिळते, डाळ-भातातून नाही. टॉरिन कमी पडले तर दृष्टी जाऊ शकते, हृदय दुबळे होते. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी टॉरिनचा हृदयविकाराशी असलेला हा संबंध दाखवून दिला, तोही विकतचे खाद्य खाणाऱ्या मांजरांत. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले.

मग कोणता डबा घ्यावा? सर्वांत महाग तोच चांगला, असे मुळीच नाही. वरचे चित्र सोडा, मागची बारीक अक्षरे वाचा. 'आफ्को'च्या उल्लेखासह 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' हे शब्द हवेत आणि खाद्य पिल्लासाठी आहे की मोठ्या मांजरासाठी, तेही पाहावे. 'सप्लिमेंटल' लिहिलेले खाद्य रोजचे जेवण नव्हे. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के, तर डब्यातल्या ओल्या खाद्यात पाऊणभर. मांजर मुळात पाणी कमी पिते, म्हणून थोडे ओले खाद्य जरूर द्यावे. बोक्याची लघवी अडली तर जिवावर बेतते, शिवाय डॉक्टरांचे बिल वेगळेच.

कांदा-लसणाचा उरलेला रस्सा कधीही घालू नये, ते मांजराला विष आहे. दूधही अनेक मोठ्या मांजरांना पचत नाही. खाद्य बदलायचे तर आठवडाभरात हळूहळू बदलावे.

आमच्याकडे मांजराचा डबा आणि चमचा गराजमध्ये असतो. आईचे सोवळे सांभाळले जाते, मांजराचे पोटही. एवढेही जमणार नसेल, तर सरळ ससा पाळावा!