हाताशी असलेला कॅमेरा

गेल्या दिवाळीत आमच्या घरात दोन पक्ष पडले. चिरंजीवांचे म्हणणे, खिशात फोन असता गळ्यात कॅमेऱ्याचे लोढणे कशाला? मी अर्थातच कॅमेऱ्याच्या बाजूचा. "अरे, माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, तुझ्या फोनचा बोटाच्या नखाएवढा! अंधारात फोन अनेक चित्रे एकावर एक रचून वेळ मारून नेतो. तेवढ्यात कोणी हलले की चेहरा पुसट!" वर्गातल्यासारखे व्याख्यान मी रंगवून दिले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे नातीला उटणे लावताना आई अगदी खळखळून हसली. मी कपाटाकडे धावलो. कॅमेरा काढून भिंग बसवीपर्यंत हसू ओसरले होते. चिरंजीवांनी मात्र ते फोनवर टिपले.

आषाढात आई गेली. कॅमेऱ्याने काढलेली तिची छायाचित्रे रेखीव आहेत. सगळ्यांत ती सावरून बसली आहे. भिंतीवर लावले ते फोनचे, जरा पुसटच.

तेव्हा वाचकहो, लग्नकार्याला, सहलीला कॅमेरा जरूर न्या. रोजच्या घराला फोन पुरे. मात्र आवडलेले चित्र कागदावर उतरवून घ्या. चिरंजीवांनी घेतले होते, म्हणून बरे. तो फोन श्रावणातच बिघडला.