त्र्याहत्तर चेंडूंनंतर
२७ ऑक्टोबर २०२०, आर्लिंग्टन, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टॅम्पा बे रेजचा डावखुरा पिचर ब्लेक स्नेल सहाव्या इनिंगमध्येही डॉजर्सना डोकं वर काढू देत नव्हता. नऊ स्ट्राइकआउट, चेंडू अवघे ७३, संघ १-०ने पुढे. दुसरी हिट बसली आणि व्यवस्थापक केव्हिन कॅश यांनी त्याला बाहेर काढलं. त्यामागचा हिशेब खोटा नव्हता. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की त्यांना पिचरची फेक ओळखीची झालेली असते. म्हणून बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यातून, ताज्या दमाचा, थोडाच वेळ पण पूर्ण जोराने फेकणारा पिचर आणायचा. (क्रिकेटसारखा दुसरा स्पेल इथे नाही, बाहेर गेलेला परत येत नाही.) याच रेजने २०१८मध्ये बुलपेनमधल्या सर्जिओ रोमोला जेमतेम पहिल्या इनिंगपुरतं उतरवायचा प्रयोग केला आणि तुटपुंज्या बजेटवर श्रीमंत संघांना झुंज दिली. पण बुलपेनही थकतं, आणि मला हीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते. स्नेलच्या जागी आलेला निक अँडरसन त्या महिन्यात पुन्हा पुन्हा वापरला गेला होता, सामन्यामागून सामन्यात धावा देत होता. सरासरी कितीही भक्कम असो, त्या रात्री स्नेलचा हात पाहायला हवा होता. डॉजर्सच्या मूकी बेट्सला त्याने दोनदा स्ट्राइकआउट केलं होतं. अँडरसनला बेट्सने डबल मारला. मग वाइल्ड पिचवर, म्हणजे कॅचरच्या हाती न लागलेल्या भरकटलेल्या फेकीवर, बरोबरी, कोरी सीगरच्या ग्राउंडरवर, म्हणजे जमिनीलगतच्या फटक्यावर, आघाडी. डॉजर्स ३-१ने जिंकले आणि १९८८नंतर प्रथमच विजेते ठरले.