रिकाम्या डब्याचे पाच हजार

कन्सोल भारी की पीसी? दोन इंजिनिअर, एक चहाची टपरी आणि दहा मिनिटं एवढं भांडवल असलं की हे भांडण आपोआप लागतं. पीसीवाले फ्रेमरेटचे आकडे तोंडावर फेकतात, कन्सोलवाले ‘आम्ही सोफ्यावर लोळत खेळतो, तुम्ही बसा ड्रायव्हर अपडेट करत’ म्हणून दात काढतात, आणि ‘अरे मोबाईलवर फुकट मिळतं की सगळं’ म्हणणारा तिसरा दोन्हीकडून शिव्या खातो. चालू द्या. माझं म्हणणं एवढंच की कन्सोलचे भक्त ज्याचं कौतुक करतात ती त्याची खरी ताकद नाही, आणि विरोधक ज्याला नावं ठेवतात ते त्याचं खरं दुखणं नाही. खऱ्या दुखण्यावर भक्तमंडळी मूग गिळून गप्प आहेत, म्हणून हा प्रपंच.

आधी ताकद. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, अर्धं आयुष्य कशात जातं? ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ या वाक्यात. क्लायंटचा ब्राउझर वेगळा, त्याचं विंडोज वेगळं, त्याच्या आयटी विभागाने लादलेला अँटीव्हायरस आणखी वेगळा. कन्सोलमध्ये ही भानगडच नाही, तुमचं मशीन आणि माझं मशीन एकच. (प्रो, स्लिम वगैरे फाटे नंतर फुटले, ते सोडा.) प्रोग्रामरला नेमकं ठाऊक असतं की आपल्याला इतकी मेमरी मिळणार आणि त्याहून एक बाइटही जास्त मिळणार नाही. आणि हात असे बांधले की माणसं काय काय करतात! १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स आख्खा ४० किलोबाइटमध्ये बसतो. जागा वाचवायला त्यात ढगांचं आणि झुडपांचं चित्र एकच वापरलंय, फक्त रंग बदललाय. लहानपणी शंभर वेळा खेळूनही हे आपल्या लक्षात येत नाही. आमच्या कंपनीच्या लॉगिन पेजवरचा लोगो याहून मोठा आहे.

२०१३ साली जीटीए-५ ने एक आख्खं शहर, त्यातली माणसं, गाड्या, डोंगर आणि समुद्र एक्सबॉक्स ३६० च्या ५१२ मेगाबाइट मेमरीत चालवून दाखवला. तेवढ्या मेमरीत आज हापिसचं चॅट अॅप उघडताना धापा टाकतं. २०२३ चा झेल्डा (टिअर्स ऑफ द किंगडम) तर २०१७ सालच्या स्विचवर, ४ जीबी रॅममध्ये, तुम्हाला फळ्या, चाकं आणि पंखे एकमेकांना चिकटवून हवी तसली गाडी बनवू देतो. आणि ती गाडी खरंच चालते, कलंडते, पाण्यात पडली की तरंगते. मला हे कुठल्याही फोर-केपेक्षा भारी वाटतं. पीसीवाला मित्र म्हणतो, ‘तीस फ्रेम्स फक्त?’ अरे बाबा, हो. तीसच.

दुसरी गोष्ट म्हणजे गेम पूर्ण असायचा. डिस्क एकदा कारखान्यातून छापून निघाली की विषय संपला, ‘सोमवारी हॉटफिक्स टाकू’ ही पळवाट नाही. त्यामुळे टेस्टिंगवाल्याने ‘हे बाहेर जाणार नाही’ म्हटलं तर त्याला वजन असे. (आमच्याकडे त्याला ‘नोन इश्यू’मध्ये टाकतात.) आता ‘जुनं ते सोनं’वाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. अटारीचा १९८२ चा ई. टी. जेमतेम पाच आठवड्यांत उरकला होता आणि न खपलेली कार्ट्रिजेस न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरली गेली. २०१४ मध्ये ती उकरूनही काढली. भिकार गेम तेव्हाही होते. पण जो होता तो सगळाच्या सगळा तुमच्या हातात होता.

आणि तिसरी, आपल्याकडे तर सगळ्यात महत्त्वाची: डिस्क तुमची. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस-५ भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला आणि डिजिटल ३९,९९० ला होता. मोठे गेम ४,९९९ रुपयांना. ईएमआय भरणाऱ्या माणसाने पाच हजाराचा खेळ कशाच्या जोरावर घ्यायचा? तर परत विकता येतो या जोरावर. घ्या, महिनाभर खेळा, तीनेक हजाराला पुढच्याला द्या, त्यात भर घालून नवीन घ्या. किंवा चौघांनी चार डिस्क घ्यायच्या आणि फिरवायच्या. आप्पा बळवंत चौकात मागच्या सेमिस्टरची पुस्तकं विकून पुढची घेतलेल्या पब्लिकला हे अर्थशास्त्र शिकवावं लागत नाही. डिजिटलमध्ये दहा हजार वाचले असं ज्यांना वाटलं त्यांनी पहिल्या पाच गेमनंतर हिशोब मांडून बघावा.

तर या तीन ताकदी. आणि गेली दहा-बारा वर्षं कंपन्या याच तीन गोष्टी एकेक करून कापतायत, वर त्याला सोय म्हणतायत.

गंमत बघा. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा जुने गेम विकण्यावर, उसने देण्यावर बंधनं घालायचा बेत होता. लोकांनी असा काही दंगा केला की त्याच जूनमध्ये त्यांना बेत गुंडाळावा लागला. तेव्हा सोनीने एक चिमुकला व्हिडिओ काढला होता, ‘पीएस-४ वर गेम कसा शेअर कराल’. त्यात काय, तर एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबा देतो. बस्स! आम्ही सगळे हसलो, टाळ्या पिटल्या. त्याच सोनीचा पीएस-५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ७०० डॉलरला आला, आणि त्यात डिस्क ड्राइव्हच नाही. हवा तर वेगळा विकत घ्या. डबा हातात देणारा माणूस कुठे गेला कोण जाणे.

बरं, डबा मिळाला तरी आत काय? २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी (मॉडर्न वॉरफेअर २) ची पीएस-५ डिस्क लोकांनी तपासली तर तिच्यावर जेमतेम ७० मेगाबाइट निघाले, बाकी शेकडोपट माल डाउनलोड करा. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच-२ ने तर या प्रकाराला रीतसर नावच दिलं, गेम-की कार्ड. कार्डावर गेम नाही, गेम डाउनलोड करायची नुसती किल्ली. निदान डब्यावर तसं छापतात, एवढा प्रामाणिकपणा मान्य करू. पण उद्या त्यांचा सर्व्हर बंद झाला की ही किल्ली कुठल्या कुलपाला लावायची?

सर्व्हर बंद होतील ही काही कविकल्पना नाही. वी यू आणि थ्री-डीएसचं दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. आधी घेतलेलं अजून डाउनलोड होतं, पण ते कंपनीच्या मर्जीवर. युबिसॉफ्टच्या द क्रू या रेसिंग गेमची गोष्ट आणखी वाईट. सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद, त्यामुळे गेम एकट्याने खेळायलाही बंद, आणि नंतर लोकांच्या खात्यातून लायसन्सही काढून घेतलं. आता याच्याशी तुलना करा: आपल्यापैकी बहुतेकांनी मारिओ खऱ्या निन्टेंडोवर खेळलेलाच नाही. बाजारातला नकली डबा आणि ‘९९९९९९ इन वन’ लिहिलेली पिवळी कॅसेट. आमच्या माळ्यावरची ती चोरीची कॅसेट फुंकर मारली की आजही चालते. पैसे मोजून घेतलेला द क्रू चालत नाही. पायरसीची याहून चांगली जाहिरात कुठल्या चोराला तरी सुचली असती का?

‘पूर्ण गेम’चं काय झालं हे तर सायबरपंक २०७७ ने दाखवलंच. डिसेंबर २०२० मध्ये आला आणि जुन्या पीएस-४ वर त्याची अवस्था इतकी दयनीय होती की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातूनच काढला. पैसे परत दिले, सहा महिन्यांनी गेम परत आला. आज त्याला ‘सुधारलेला गेम’ म्हणून डोक्यावर घेतात आणि २०२३ चा २.० पॅच खरंच उत्तम आहे. फक्त तो पीएस-४ वर आलाच नाही. ज्या गिऱ्हाइकाच्या जिवावर बोंबाबोंब झाली, दुरुस्ती झाली, त्याला सांगितलं, नवीन मशीन घ्या. ही आपल्याच धंद्याची सवय आहे हो. आधी डिलिव्हर करू, मग बघू. ती साथ कन्सोलला लागली याचं वाईट वाटतं, कारण तेवढं एक घर निरोगी होतं.

आणि हो, स्वतःच्याच इंटरनेटवरून मित्राशी खेळायला वर्गणी! एक्सबॉक्सने २००२ पासून, सोनीने २०१३ पासून, निन्टेंडोने २०१८ पासून. फोर्टनाइटसारखे फुकटे गेम वगळले तर बहुतेकांना ती लागते, आणि पीसीवर असलं काही नाही. सोफ्यावर शेजारी बसून खेळायचं म्हणाल तर हेलोसारख्या गेमने २०१५ मध्ये स्प्लिट स्क्रीनच काढून टाकली. यावर जास्त बोलत नाही, बीपी वाढतं.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. राजी हा गेम आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा. ऑगस्ट २०२० मध्ये तो जगभरात सगळ्यात आधी आला तो निन्टेंडो स्विचवर, आणि तो डिजिटल दुकानामुळे. लाखो कार्ट्रिजेस छापून घ्यायला मूठभर लोकांच्या टीमकडे पैसा कुठून येणार? डिजिटल दुकान नसतं तर राजस्थानी कमानी आणि दुर्गेचं त्रिशूळ असलेला गेम कन्सोलवर बघायला आणखी किती वर्षं थांबलो असतो देव जाणे. शिवाय जुनी डिस्क मी तुम्हाला विकली की बनवणाऱ्याला छदामही मिळत नाही, हेही खरं. पण मग हेच जुन्या पुस्तकांचंही आहे. म्हणून कुठला प्रकाशक रात्री घरात शिरून कपाटातली पुस्तकं नेत नाही.

त्यामुळे डिजिटल बंद करा असं मी म्हणत नाहीये. विकताना ‘खरेदी करा’ असं बटण दाखवायचं आणि अटींमध्ये ‘हे फक्त लायसन्स आहे’ लिहायचं, हे बंद करा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून तसा कायदा आहे: लायसन्स विकताय तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. युरोपात द क्रू प्रकरणातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी साधी आहे. सर्व्हर बंद करायचाय ना, खुशाल करा, पण जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत ठेवून जा. तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे म्हणणाऱ्यांना सांगतो, सुरुवातीपासून डिझाइनमध्ये धरलं तर बहुतेक वेळा शक्य असतं. शेवटच्या दिवशी करायला बसलात तर अवघड आहेच, मग ते काहीही असो.

आपल्याकडे मात्र यावर चकार शब्द नाही. सगळे फ्रेमरेट मोजतायत.

मी डिस्कवालाच घेतलाय आणि पुढचाही ड्राइव्ह असेल तरच घेईन. एल्डन रिंगची डिस्क सध्या नाशिकला मावसभावाकडे आहे आणि तीन महिने झाले, पठ्ठ्या परत द्यायचं नाव घेत नाहीये. निषेध! :)